पाणी आधी कोणाला दिसतं

समुद्र मी अजून पाहिलेला नाही, तरी दरवर्षी चार-सहा दिवस बेटावर राहते. आमच्या गावाच्या एका अंगानं नदी आणि दुसऱ्या अंगानं नाला आहे. दोघं गावाखाली जिथं भेटतात तिथंच आमचा रपटा, म्हणजे म्हशीच्या पोटाएवढा बुटका पूल. पाठीमागं टेकडी आहे, पण तिच्यावरून बकऱ्या जातात, माणसं नाही. नदी चढली की नाल्याचं पाणी मागं सरकतं, रपटा बुडतो, आणि आतले आत, बाहेरचे बाहेर. गुरुजी बाहेर अडकले तर पोरांची चंगळ, गिरणीवाला अडकला तर आमची पंचाईत. लग्न होऊन आले त्या वर्षी मी सासूबाईंना घाबरून विचारलं होतं, "मंग आता कसं करायचं?" त्या म्हणाल्या, "कसं काय? उतरते न पानी." गावाचं पुराबद्दलचं सगळं नियोजन तेवढंच होतं, आणि ते पुढं बरीच वर्षं पुरलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तालुक्याच्या बाजूनं एक शिकलेली पोरगी आली. हवामान, पूर, गावानं आपलं आपण कसं सावध राहावं, हे शिकवत ती गावोगाव फिरत होती. तिनं पाऊस मोजायचा एक प्लास्टिकचा डबा आणला, रपट्याच्या कडेच्या दगडी खांबावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे मारून घेतले, आणि एक पुस्तक दिलं. पुस्तक मुळात समुद्रातल्या बेटांवरच्या लोकांसाठी केलेलं होतं. तेच तिच्या लोकांनी मराठीत आणलं होतं, पण चित्रं बदलायची राहून गेली होती. पानोपानी नारळाची झाडं, होड्या, जाळी. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पुस्तक हातोहात फिरलं आणि हसून हसून लोकांच्या डोळ्याला पाणी आलं. एक म्हातारा तिला म्हणाला, "बाई, आमच्या इथं नारय फक्त देवापुढं फोडाले लागते. हे होडीचं तू कायले दाखवून राह्यली?" ती पोरगी काही चिडली नाही. म्हणाली, "बाबा, पाण्यानं वेढलं की तुम्ही आणि ते सारखेच." ते मला पटलं. मी गावची अंगणवाडी सेविका, वीस वर्षं पोरांची वजनं मोजतेय. म्हटलं पाऊसही मोजू. डबा माझ्या अंगणात लागला आणि गावानं मला पाऊसवाली बाई करून टाकलं.

रोज सकाळी साडेआठला डबा पाहायचा, वहीत लिहायचं आणि मोबाईलच्या ग्रुपवर टाकायचं, एवढं काम. पहिल्याच दिवशी बावीस मिलिमीटर भरला. मी इमानदारीनं टाकून दिलं. दहा मिनिटांत त्या पोरीचा फोन, "ताई, अख्ख्या जिल्ह्यात थेंब नाही, तुमच्याकडं बावीस?" मे महिना, आभाळ कोरं, मी बावचळले. मग शेजारच्या काकू कुंपणावरून शांतपणे म्हणाल्या, "तो मीच टाकला तांब्या. नवी वस्तू आली दारात, हयद-कुकू लावलं, मंग पानी नाही दाखवाव का तिले?" मी त्यांच्यावर अशी तडकले की काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. मी आहेच तशी. तोंडातून आधी निघतं, मग कळतं. या तोंडानं पुढं काय करून ठेवलं ते सांगतेच.

पुस्तकाच्या शेवटी गावानं भरायचा एक कागद होता. म्हाताऱ्या माणसांची घरं कोणती, पोहता कोणाला येतं, दवाखाना किती दूर, असे प्रश्न. त्यात एक प्रश्न होता : पाणी तुमच्या आधी कोणाला दिसतं? पोरगी समजावून म्हणाली, "म्हणजे वरच्या अंगाला कोणतं गाव आहे, तिथं तुमच्या ओळखीचं कोण आहे, जे तुम्हाला फोन करेल." आमचे हे तिथंच बसले होते. पटकन म्हणाले, "आमच्या ईनबाई हायेत न, नदी त्याहिच्याच गावाहून येते." आमच्याकडं विहिणीला ईनबाई म्हणतात. मी यांच्याकडं असं पाहिलं की हे चपला शोधायला लागले. पोरीला मी सांगितलं, "लिहिते मी सावकाश." ती ओळ तशीच कोरी राहिली.

त्याचं कारण सांगते. त्याच्या सव्वा वर्ष आधी मुलीचं लग्न आमच्या दारात झालं. विहिणींच्या पंगतीची रीत अशी की नवरीच्या आईनं स्वतः जायचं, विहिणीला कुंकू लावायचं, हात धरून उठवायचं आणि पाटावर आणून बसवायचं. त्याशिवाय विहीण जागची हलत नाही. नेमका त्याच वेळी आचाऱ्याचा गॅस संपला. मी जावेला म्हटलं तू जा, आणि जावेला वाटलं मीच गेले. कोणीच गेलं नाही. एक पंगत उठली, दुसरी उठली, आणि ही बाई मांडवात खुर्चीवर ताठ बसून. शेवटी कोणीतरी ताट नेलं तर म्हणाली, "भूक मेली आता." पोराचं लग्न लावून ती उपाशी गाडीत बसली.

चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी पाया पडून आले असते तर मिटलंही असतं. पण मी स्वयंपाकघरात म्हणून बसले होते, "पाय होते न त्याहिले, चालत याव लागत होतं पंगतीत." ते वाक्य गाडी सुटायच्या आत तिच्या कानावर गेलं. त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. पोहरादेवीच्या जत्रेत एकदा एवढ्या गर्दीत अगदी समोरासमोर आलो, आणि दोघींनी एकदम बांगड्यांच्या दुकानाकडं तोंड फिरवलं. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आलं.

आषाढात मुलगी सातव्या महिन्याची होऊन आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. जावई मात्र चाचरत म्हणाले, "आई, तुमच्या गावात पाणी शिरते, आमच्याकडंच राहू द्या का? माय म्हणत होती." माय म्हणत होती, एवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमच्या मायले सांगा, इथं पाऊस मोजाले मशीन हाय. खांबावर पट्टे हायेत. मोबाईलवर रोज हवामान येते. माही पोर मले जड नाही." तारखेच्या आठ दिवस आधी वाशीमला माझ्या चुलतबहिणीकडं जाऊन राहायचं, दवाखाना तिथून हाकेवर, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

मुलीची मात्र एक गोष्ट मला खुपत होती. पाऊस लागला की ती मोबाईल घेऊन फाटकाशी जायची. तिथून रपटा दिसतो. तिथं उभी राहून सासूशी हळू आवाजात बोलायची. "हो, आत्ताच. हिरव्यावर आलं. नाही, बुडाला नाही." मी चुलीजवळून ऐकायची आणि जळायची. नऊ महिने पोटात वाढवलं मी, आणि पावसाच्या गप्पा मारायला हिला सासू लागते. एकदा म्हणालेही, "एवढा जीव लागला तं तिथंच राहायचं होतं." पोरगी पोटावर हात ठेवून आत गेली. आज आठवलं तरी मला माझी लाज वाटते.

पोळ्याचा दिवस उजाडला. तारखेला अजून बारा दिवस होते. लख्ख ऊन पडलं होतं. साडेआठला डबा पाहिला, कोरडा. मोबाईलवर आलं होतं, तुरळक ठिकाणी हलक्या सरी. मी ग्रुपवर टाकलं, "आज शून्य. पोळा आनंदात करा." दारोदार बैल न्हाऊन उभे होते, शिंगांना रंग लागत होता, पुरण शिजत होतं. मी गच्चीवर उडीद वाळत घालत होते तेव्हा फोन वाजला. नंबर माझ्याकडं नावानं नव्हता.

"ईनबाई, मी बोलून राह्यली. फोन ठेवजा नका."

आवाज ओळखला आणि माझा दुसरा हात उडदात तसाच राहिला.

"आमच्या इकडं सकायपासून धो धो लागून राह्यला. नदीचं पानी मारोतीच्या ओट्याले लागलं. आमच्या ओट्याले लागलं की चार घंट्यानं तुमचा रपटा जाते. पोरीले काढा आताच."

मी आभाळाकडं पाहिलं. निळंभोर. म्हटलं, "इथं तं ऊन हाय."

"असन. तुमचा डबा काय म्हनते?"

"कोरडा हाय."

"मंग त्या डब्याले ठेवा बाजूले," ती म्हणाली. "तो तुमचं आभाय मोजते. पानी माह्या आभायातून येऊन राह्यलं."

 माझा गुरगुरणारा स्वभाव माझ्या जागी उभा होता. बारा दिवस आहेत, पोरीला कळ नाही, ऊन पडलंय, आणि हिच्या एका फोनवर मी सणाच्या दिवशी घर सोडू? मी शेवटचं हत्यार काढलं. "आज अमोशा हाय, ईनबाई. भरल्या पोटाची पोर अमोशेले उंबऱ्याबाहेर काढत नाहीत."

पंगतीला हात धरून नेलं नाही म्हणून दीड वर्ष बोलली नव्हती ती बाई. रीतीभातीत तिच्याएवढी कडक त्या गावात दुसरी नसेल. ती म्हणाली, "अमोशाचं पाप मले लागू द्या. तुमी पोरीले काढा. हात जोडतो तुमाले."

 तेव्हा माझ्या डोक्यात गेलं की ही बाई भांडायला आली नाही. मी म्हटलं, "काढतो," आणि उडीद तसेच टाकून खाली उतरले.

काकूंनी दार अडवलं, अमावास्या म्हणून. ऑटोवाला बैलाला झूल घालत होता. तो म्हणाला, "मावशी, तुमीच तं सकायी लिहिलं न, आज शून्य?" मी म्हटलं, "मी चुकली. चाल." हे दोन शब्द मी गावात पहिल्यांदाच बोलले असेन, कारण तो झूल टाकून निमूट निघाला. मुलीला मी काही समजावलं नाही. सासूला ती आत्याबाई म्हणते. तीच म्हणाली, "आत्याबाईचा फोन आला न?" आणि तयार ठेवलेली पिशवी उचलली. घरी बैल पूजायचे म्हणून हे मागं राहिले. रपट्यावरून गेलो तेव्हा पाणी हिरव्या पट्ट्याच्याही खाली होतं. ऑटोची चाकं सुद्धा ओली झाली नाहीत. मी वाशीमपर्यंत मनातल्या मनात विहिणीला बोलत गेले, की उगाच सण मोडला.

बहिणीच्या घरी टेकलो, चार घास खाल्ले, तेवढ्यात यांचा फोन. म्हणाले, "रपटा गेला." मी विचारलं, "पाऊस?" म्हणाले, "थेंब नाही. ऊन पडून हाय. सारं गाव सजलेले बैल घेऊन काठावर उभं हाय आणि पानी पाहून राह्यलं. लाल पट्टा दिसत नाही आता." 

चार वाजता पोरीच्या कळा सुरू झाल्या. बारा दिवस आधी.

दवाखान्यात नेलं तर डॉक्टरबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहराच बदलला. बाळाच्या गळ्यात नाळ अडकली होती, ठोके कमी होत होते. त्यांनी कागदावर माझी सही घेतली. मला माझं नाव लिहिता येईना. मी बाकावर बसून होते आणि डोळ्यांसमोर रपटा होता. पलीकडं घर, घरात माझी पोर, आणि मधे ते पाणी. दिवेलागणीला आत रडण्याचा आवाज आला. नात झाली होती. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "दोघी बऱ्या आहेत. तास-दीड तास उशीर झाला असता तर मला काही सांगता आलं नसतं." मी पदर तोंडात कोंबून रडले. पहिला फोन यांना लावला आणि दुसरा विहिणीला. मला फक्त एवढंच बोलता आलं, "पोरगी झाली, ईनबाई."  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज, आणि "दोघी?" मी म्हटलं, "दोघी."

त्यांच्याही वाटा बंद होत्या. ती तिसऱ्या दिवशी जावयासोबत आली, लांबच्या रस्त्यानं, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून. माझ्याकडं न पाहता आधी नातीकडं गेली. तिची बोटं मोजली, सुनेच्या केसांवरून हात फिरवला. मग खाटेजवळच्या माझ्याच बाकावर टेकली, मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

मी विचारलं, "तुमाले चार घंटे हे कसं समजलं?"

ती लाजली. म्हणाली, "पोर तुमच्याकडं गेली तवापासून मले झोप कुठची. पाऊस लागला की मी मारोतीच्या ओट्यापाशी जाऊन पाहो. मंग हिले फोन करो, तुमच्याकडं केवढं आलं, कधी आलं. मले लिहिता येत नाही. भितीवर गेरूच्या रेघा ओढून ठेवल्या. एक घंटा, एक रेघ. पाच खेपा पाह्यलं. दरखेपी चारच रेघा."

मी मुलीकडं पाहिलं. तिनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "तुह्यापुढं त्यांचं नाव काढाची सोय होती का, आई?"

सगळा आषाढ आणि श्रावण माझ्या अंगणात डबा होता, आणि खरं मोजमाप माझ्या फाटकाशी उभं राहून चाललं होतं. मला वाटत होतं गप्पा चालल्यात. माझ्याकडं वही होती, पट्टे होते, नारळाच्या चित्रांचं पुस्तक होतं, आणि त्यातली जी एक ओळ माझ्या पोरीला वाचवणार होती तीच मी हट्टानं कोरी ठेवली होती.  

तेवढ्यात बहिणीच्या घरून जेवणाचा डबा आला. मी पलीकडच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरलं, दोन ताटल्या मांडल्या, भाजी-पोळी वाढली. मग परत येऊन तिच्यासमोर उभी राहिले. पर्समध्ये कुंकवाची डबी होती. वॉर्डातली माणसं बघायला लागली, बघू देत. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तिचा हात धरला आणि म्हटलं, "चाला ईनबाई, पानं वाढले. जेवाले उठा."

 तिचे डोळे भरले. मग माझ्या हातावर सगळा भार देऊन उठली आणि म्हणाली, "लय वेळ लावला व तुमी."

 तिनं दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मी आग्रह करून वाढली.

घरी आल्यावर मी तो कागद काढला आणि कोऱ्या ओळीत लिहिलं, माझी विहीण. या उन्हाळ्यात ती शिकवणारी पोरगी पुन्हा आली, कागद पाहिला आणि विचारलं, "करतात का फोन वेळेवर?" मी म्हटलं, "वेळेच्या आधी." पण मनात एक शंका होती. फोन आला होता तो पोरीसाठी. आता पोर तिकडं, नात तिकडं, वरच्या अंगाला कोरड्यात सुखरूप. आता ती कशाला भिजत ओट्यापाशी जाईल?

या आषाढात, पहिल्या मोठ्या पुराला, सकाळी मी डबा पाहत होते. अर्धाही भरला नव्हता. फोन वाजला. आता नंबर नावानं आहे.

"ओट्याले लागलं, ईनबाई. चार घंटे. काय आनाचं असन ते आनून घ्या, आन गिरणीवाल्यालेही सांगा."

मागून नात काहीतरी बडबडत होती. मी म्हटलं, "पोरगी तं तुमच्याजवय हाय या वर्षी. मंग तुमी पावसात कायले गेल्या ओट्यापाशी?"

ती चिडली. तिच्या चिडण्याची मला आता सवय झाली आहे.

"पोरगी हाय इथं," ती म्हणाली. "पन तुमी तं तिथंच हा न."